एका माणसाला वगळून

हाब्बो इनेनचं नाक दोनदा मोडलं. दोन्ही वेळा मारणारा हात वेगळा होता, कारण मात्र एकच होतं: एका सॉफ्टवेअरच्या परवान्यातलं एक वाक्य. वाक्य असं होतं, "हा प्रोग्राम जगातल्या कुणीही वापरावा, त्याची नक्कल करावी, त्यात बदल करावेत आणि तो इतरांना वाटावा, ऑस्टरहामच्या ओन्नो व्युबेनाला वगळून."

हाब्बो वायरमन आहे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, ओस्टफ्रीसलंडमध्ये, एम्डेनच्या वरच्या अंगाला, आमची जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. पावसाचं पाणी चरांत उतरतं, चरांतून पंपघराशी येतं, पंप ते वर उचलतात आणि ओहोटीच्या वेळी बांधातल्या उघाडीचं, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेचं, दार वर करून ते समुद्रात सोडलं जातं. भरती लागायच्या आत उघाडीचं लोखंडी दार खाली यावं लागतं. नाही आलं तर समुद्र आत येतो. एवढीच गोष्ट आहे, आणि एवढ्याच गोष्टीवरून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडत आली आहेत. बांधाला जाणूनबुजून भोक पाडणाऱ्याला त्याच भोकात जिवंत पुरावं, असं जुन्या काळी म्हणत. मुलांना हे अजून सांगतात आणि मुलांना ते आवडतं.

प्रत्येक गावाचं पंपघर त्या गावाच्या मंडळाच्या मालकीचं असतं. वायरिंग मात्र सगळ्यांचं हाब्बोच बघायचा, आणि वायरिंग बघता बघता पंपघरांतल्या यंत्रांवरचं सॉफ्टवेअरही त्याच्याच गळ्यात पडलं होतं. रुंद खांद्यांचा, संथ माणूस. शाळेत मार खायचा, तेव्हा मारणाऱ्याचं दप्तर सांभाळत उभा राहायचा. त्याची आई म्हणायची, "आमच्या हाब्बोला राग यायचा असला की आदल्या दिवशी कळवावं लागतं."

पंपघरांना दोन प्रोग्राम लागायचे. एकाचं नाव ओहोटी. बाहेरच्या आणि आतल्या पाण्याची पातळी पाहून दार केव्हा उघडायचं, केव्हा मिटायचं, हे ती ठरवायची. ती लिहिली ओन्नो व्युबेनाने. तो शाळेत गणित शिकवायचा आणि निवृत्त झाल्यावरही अर्धं ऑस्टरहाम त्याला मास्तर म्हणायचं. दुसऱ्याचं नाव साखळी. ओहोटीने ठरवलेलं प्रत्यक्ष दाराच्या मोटरकडून करून घ्यायचं काम तिचं. ती लिहिली वियार्ड हाइकेन्सने. तो एम्डेनच्या गोदीत वेल्डर होता आणि यंत्रांच्या नादाने कोड लिहायला शिकला होता. दोघांनी सुरुवात एकत्र केली होती, वियार्डच्या स्वयंपाकघरात, एकाच टेबलावर. दोघांनीही आपलं लिखाण सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं.

मग बोसेलनचा तो सामना झाला. हिवाळ्यात आमच्याकडे गावागावांचे संघ डांबरी रस्त्यावरून जड चेंडू फेकत मैलोन्‌मैल जातात. ज्याचा चेंडू कमी फेकींत पुढे पोचतो तो संघ जिंकतो. त्या दिवशी वियार्डचा चेंडू कुणाच्या तरी बुटाला लागून वळला, असं पंच असलेल्या ओन्नोचं म्हणणं पडलं.

"फेक बाद," तो म्हणाला.

"कुणाचा बूट?" वियार्ड म्हणाला. "नाव सांग."

"बूट माझाच."

"मग तू रस्त्यात कशाला तडमडला होतास?"

ओन्नोने वहीत फुली मारली. वियार्डने दुसरा चेंडू घेतला, नेहमीसारखी तीन पावलं धावला आणि तो ओन्नोच्या उजव्या गुडघ्यावर सोडला. वाटी फुटल्याचा आवाज मागच्या रांगेतल्या लोकांनाही ऐकू आला. ओन्नो आडवा पडला. चरात पडलेले चेंडू काढायला लांब दांड्याची लोखंडी टोपली प्रत्येक संघाजवळ असते. ती त्याच्या हाताशीच होती. पडल्या पडल्या त्याने ती फिरवली आणि तिची कड वियार्डच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळा वाचला नाही. दोघांना दोन वेगळ्या गाड्यांतून इस्पितळात नेलं. बाकीचे केलची पालेभाजी आणि सॉसेज खायला गेले, कारण जेवण आधीच सांगून ठेवलेलं होतं.

पोलिसांना दोघांनी एकच सांगितलं: बर्फ होतं, पाय घसरला. वियार्डने इस्पितळातच, डोळ्यावर पट्टी असताना, साखळीच्या परवान्यात ते वाक्य घातलं.

इथून हाब्बोचा त्रास सुरू झाला. ओन्नोच्या ओहोटीचा परवाना दुसऱ्या टोकाचा होता. ओहोटी कुणालाही द्या, पण देताना स्वतःची एकही नवी अट घालू नका, आणि तिला जोडून जे काही वाटाल त्यालाही हाच नियम लागू. साखळीत तर आता नवी अट होती, नावानिशी. म्हणजे ओहोटी एकटी वाटता येत होती, साखळीही एकटी वाटता येत होती, पण दोन्ही जोडून तयार केलेला गठ्ठा कुणाच्या हातात ठेवायचा हक्क कुणालाच उरला नव्हता. आणि एकीवाचून दुसरीचा पंपघराला काडीचा उपयोग नव्हता.

पळवाट होती. आपल्या घरात, आपल्यापुरतं, कुणीही दोन्ही जोडून घ्यावं, त्याला दोन्ही परवान्यांची आडकाठी नव्हती. अडचण फक्त वाटण्यात होती. तेव्हा हाब्बो दोन पेनड्राइव्ह बाळगू लागला, ओहोटीचा निळा आणि साखळीचा लाल. निळा सोमवारी नेऊन द्यायचा, लाल मंगळवारी. जोडणी पंपघराचा माणूस स्वतः करायचा.

"लग्न तुमच्या घरात लागतं," हाब्बो सांगायचा. "मी फक्त नवरा-नवरीला वेगवेगळ्या गाड्यांतून आणून सोडतो. पुढचं मला माहीत नाही."

लोक हसायचे आणि जोडणी करायचे. पण प्रत्येक पंपघरातलं यंत्र वेगळं, कुठे जुनं, कुठे नवं, त्यामुळे जोडून जे तयार व्हायचं तेही दर ठिकाणी थोडं वेगळं असायचं. कुणीच ते एका जागी बसून तपासलेलं नसायचं. काही वर्षं हे खपलं.

ज्यूडरहामचं पंपघर तालेआ कोर्डेस सांभाळायची. ऑक्टोबरात हाब्बोने नवी ओहोटी आणून दिली. नवी साखळी दुसऱ्या दिवशी यायची होती. तालेआने डब्यातला लाल पेनड्राइव्ह घेतला आणि जोडणी करून टाकली. तो मागच्या वर्षीचा होता. नव्या ओहोटीत मास्तरने 'थांब'साठीचा आकडा बदलला होता, आणि जुन्या साखळीत त्या आकड्याचा अर्थ 'खाली' होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या खाचेत बोरूचे दांडे अडकले म्हणून तिने दार अर्ध्यात थांबवलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. दार थांबलं नाही. खाली आलं.

हात कोपराच्या खाली तुटला. तालेआने कमरेचा पट्टा दातांनी ओढून दंडाला आवळला आणि चालत रस्त्यापर्यंत आली. दुधाच्या टँकरवाल्याने तिला उचललं. हात खाचेत राहिला. दार वर करून तो काढेपर्यंत ओहोटी लागली होती, आणि खेकडे आधी पोचले होते.

इस्पितळात हाब्बो तिच्या पलंगाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बस की," तालेआ म्हणाली. "मी मेलेले नाही."

"चूक माझी आहे."

"चूक अर्धी माझी. लाल तो लाल, मी तारीख पाहिली नाही. पण एक सांग, एकत्र करून का आणून देत नाहीस? तपासून, बांधून?"

"हक्क नाही."

"आणि हात तोडायचा हक्क आहे?"

हाब्बो खुर्ची ओढून बसला.

"हाब्बो, नोव्हेंबर आला. वादळं येतील. बाकीच्या पंपघरांतही असेच जुने-नवे पेनड्राइव्ह पडलेत. पुढच्या वेळी जोडपं लग्न लावूनच आण बाबा."

बाहेर पडताना हाब्बोने ठरवलं होतं. एकच गठ्ठा, एका जागी जोडलेला, तपासलेला, सगळ्या पंपघरांना एकसारखा, आणि तो वादळांच्या आत. त्यासाठी दोनपैकी एकाने हो म्हणायला हवं होतं. वियार्डने अर्धं वाक्य खोडावं, नाहीतर ओन्नोने साखळीपुरती सूट द्यावी.

तो आधी वियार्डकडे गेला. वियार्ड अंगणात बाम मासे सोलत होता. फळीवर खिळ्याने डोकं ठोकायचं, गळ्याभोवती चीर द्यायची आणि पकडीने कातडं मोजा काढावा तसं शेपटीपर्यंत ओढायचं. मासा तेव्हाही हलत असतो.

"मोइन, वियार्ड," हाब्बोने इथल्या रीतीने नमस्कार केला.

"मोइन. मास्तरने पाठवलं?"

"नाही. तालेआचा हात गेला."

"ऐकलं. साखळीत खोट नाही. आकडे मास्तरने बदलले, न सांगता."

"सांगणार कसा? तुम्ही बोलत नाही एकमेकांशी."

"बोलायला तोंड लागतं. बघायला डोळा लागतो." वियार्डने दुसरा मासा ठोकला. "काय पाहिजे तुला?"

"अर्धं वाक्य काढ. 'वाटावा' इथं पूर्णविराम दे."

"डोळा परत आणून दे. लगेच काढतो."

"डोळा कुठून आणू?"

"मग वाक्य कुठून काढू?"

हाब्बोने इथं एक चूक केली. आमच्याकडे प्रत्येकाला पाठ असलेली म्हण त्याने वियार्डला ऐकवली: जो बांध घालणार नाही, त्याने गाव सोडावं. पूर्वी ज्याला आपल्या वाट्याचा बांध सांभाळता येत नसे, तो त्यात कुदळ रोवून निघून जाई. कुदळ उपटणाऱ्याला त्याची जमीनही मिळे आणि बांधही. वियार्डच्या आज्याने अशीच कुदळ रोवली होती. हे हाब्बोला माहीत होतं, बोलताना आठवलं नाही.

मासे ठोकायचा लाकडी हातोडा वियार्डच्या हातात होताच. त्याने तो आडवा फिरवला. हाब्बो कुंपणावर जाऊन आपटला आणि तिथेच खाली बसला.

"डोकं मागे नको करूस," वियार्ड म्हणाला, पुन्हा माशाकडे वळत. "पुढे वाक. रक्त घशात जातं." हाब्बो उठला, तेव्हा वियार्डने दोन सोललेले मासे कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले. "आईला दे. आणि पुन्हा येऊ नकोस."

त्याच आठवड्यात, नाकावर पट्टी लावून, हाब्बो ओन्नोकडे गेला. ओन्नोच्या बायकोने चहा केला. कपात खडीसाखर, वरून चहा, कडेने साय. खडीसाखर तडकली.

"वियार्डने?" ओन्नोने नाकाकडे बोट दाखवलं.

"हो."

"उजव्या हाताने मारलं?"

"हो, मास्तर."

"चेंडूही त्याच हाताने सोडला होता. सुधारलेला दिसत नाही. बोल."

हाब्बोने सांगितलं. साखळीसोबत जोडून वाटायला हरकत नाही, एवढी एक ओळ ओहोटीच्या परवान्यात घाला.

"तुला काय मागतोयस ते कळतंय?" ओन्नो म्हणाला. "सगळ्यांसाठी म्हणजे सगळ्यांसाठी. त्यातून एक जण कमी केला की ते सगळे राहत नाहीत, ती टोळी होते. आज नाव माझं आहे. मी चालवून घेतलं, तर उद्या पोलंडहून शतावरी काढायला येणाऱ्या मजुराचं नाव येईल, परवा कुणा बाईचं. आणि मीच सही करून म्हणायचं की चालेल?"

"तालेआचा हात गेला, मास्तर."

"तिला मी रोज भेटायला जातो. तू किती वेळा गेलास?"

"एकदा."

"मग मला हात दाखवू नकोस. त्या वियार्डला सांग, नाव काढ."

"त्याला विचारलं. हे त्याचं उत्तर," हाब्बोने पट्टीला हात लावला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण गुडघा दुखत नसता, तर तुम्ही हेच म्हणाला असतात का?"

ओन्नोची काठी खुर्चीला टेकलेली होती. मूठ पितळेची. पट्टीखालचं हाड, जे कसंबसं जागेवर बसवलं होतं, ते पुन्हा मोडलं, आणि या वेळी वरचा ओठही आतून फाटला. खडीसाखरेची वाटी फरशीवर पडली.

"ओन्नो!" त्याची बायको ओरडली. मग तिने हाब्बोपुढे दोन फडकी धरली. "पांढरं नको घेऊस. तपकिरी घे."

हाब्बोने तपकिरी फडकं घेतलं, धुऊन परत आणतो म्हणाला आणि घरी गेला. शनिवारभर आणि रविवारभर त्याने ओहोटी आणि साखळी जोडली, मंडळाच्या कोठारातल्या जुन्या दाराच्या मोटरवर तपासली, पुन्हा जोडली, पुन्हा तपासली. गठ्ठ्याच्या माथ्यावर त्याने लिहिलं: "हे वाटायचा मला हक्क नाही. दोन्ही परवाने मोडले आहेत. तपासलेलं आहे. हाब्बो इनेन." सोमवारपासून तो पंपघरामागून पंपघर करत निघाला. जिथं जाणं जमेना, त्या बेटांवरच्या आणि खाडीपलीकडच्या लोकांना त्याने तोच गठ्ठा इंटरनेटवरून दिला. कुणी नको म्हणालं नाही. ज्यूडरहामच्या मंडळाचा प्रमुख म्हणाला, "मी हे वाक्य वाचलेलं नाही." आणि चष्मा खिशात ठेवला.

ओन्नो आणि वियार्ड दोघांनाही हाब्बोने स्वतः जाऊन सांगितलं. या वेळी कुंपणाबाहेरून.

शेवटी ऑस्टरहामचं पंपघर राहिलं. त्या दिवशी दुपारच्या भरतीला वादळाचा इशारा होता. हाब्बो सकाळीच पोचला, गठ्ठा चढवला, आणि दाराच्या पुलावर पकड घेऊन दाराच्या लोखंडी साखळीची कडी आवळत असताना वियार्डची गाडी येऊन थांबली.

"मुख्य कळ कुठे आहे?" वियार्डने विचारलं.

"कशाला?"

"बंद करायला. मास्तरचं तळघर याच पंपावर कोरडं राहतं. माझी साखळी त्याला वापरायची नाही, असं लिहिलंय मी. वापरतोय तो."

"तो कुठे वापरतोय? गाव वापरतंय. वियार्ड, दुपारी वादळ आहे."

"मग गावाला सांग, दुसरी साखळी लिहा म्हणावं."

तेवढ्यात बांधावरून ओन्नो उतरला. एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात पहार. तो यंत्राची पेटी फोडायला आला होता. चोरीची ओहोटी त्याच्या गावात चालणार नाही, असं तो लांबूनच सांगत होता. वियार्डला पाहून थांबला.

"हा इथं काय करतोय?"

"तुझं पाणी तोडायला आलोय, मास्तर."

"तोड. मीही तेच करायला आलोय."

दोघांचं एकमत व्हायची इतक्या वर्षांतली ही पहिली वेळ असावी. ते फार टिकलं नाही. पूल माणूसभर रुंद आहे. हाब्बो मध्ये उभा राहिला. पहार त्याच्या खांद्यावर बसली आणि हाड गेलं. तो कठड्यावर पडला. त्याच्या अंगावरून वियार्डने ओन्नोची गळपट्टी धरली. ओन्नोने पहारीचं टोक वियार्डच्या बरगड्यांत खुपसलं. वियार्डने डोकं मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्या वेळी ओन्नोच्या भुवईचं कातडं उघडून डोळ्यावर लोंबलं. मग आखडलेला गुडघा वाकला नाही, कठडा कमरेखाली आला, आणि ओन्नो मागच्या मागे आतल्या हौदात पडला.

आतल्या बाजूला पंपाच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी आहे. पंप चालू असले की पाणी जाळीकडे ओढतं. कचरा, बोरू, कधी मेलेलं मेंढरू त्या जाळीला चिकटून राहतं. ओन्नो तसा चिकटला, तोंड पाण्याच्या वर, मग पाण्याखाली, मग पुन्हा वर. हाब्बोने चांगल्या हाताने कठड्यावरचं, पंप थांबवायचं लाल बटण दाबलं. पंप एकदम थांबत नाहीत, त्यांना वेळ लागतो.

कचरा ओढायचा लांब दांड्याचा दाताळ वियार्डच्या बाजूला भिंतीला टांगलेला होता. वियार्डने तो काढला. आणि हातात धरून उभा राहिला.

"टाक त्याच्याकडे," हाब्बो म्हणाला.

वियार्डने खाली पाहिलं. "हाब्बो, मी काय म्हणतो. हा मेला तर ते वाक्य रिकामं होतं. मेलेल्या माणसाला वगळून काय नि धरून काय. सगळं कायदेशीर. तुझा गठ्ठा, तालेआचा गठ्ठा, सगळंच."

हे खरं होतं. हाब्बोला ते खरं आहे हे कळलं, आणि आपल्याला ते कळलं हेही कळलं, असं त्याने नंतर पोलिसांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

हाब्बोच्या चांगल्या हातात पकड अजून होती. हातभर लांब, मोठे नट आवळायची. त्याने ती वियार्डच्या तोंडावर मारली. पन्नाशीच्या पुढे जाऊन त्याने कुणावर उगारलेला हा पहिला हात, आणि तो नवशिक्याचा होता: गरजेपेक्षा फार जोराचा. वियार्डचा जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे दात पुलाच्या फळ्यांवर सांडले. तो खाली बसला. दाताळ सुटला, तो हाब्बोने पकडला, त्याचा आकडा ओन्नोच्या कोटात अडकवला आणि एका हाताने, दुसरा लोंबत असताना, त्याला शिडीपर्यंत ओढून आणलं.

ओन्नो शिडीच्या पायरीवर उलटी करत राहिला. पाणी, मग चहा, मग रक्त. बोलण्याजोगा झाल्यावर त्याने डोळ्यावरचं कातडं बोटाने वर सारलं आणि हाब्बोकडे पाहिलं.

"आभार," तो म्हणाला. "परवानगी नाही."

हाब्बोने पंप पुन्हा चालू केले. दुपारी वादळ आलं. सगळ्या उघाड्यांची दारं वेळेवर खाली आली आणि खालीच राहिली.

वियार्डच्या जबड्याबद्दल हाब्बोवर खटला झाला आणि स्थगित कैद मिळाली. ओन्नोने आणि वियार्डने एकमेकांविरुद्ध तक्रार केली नाही. बर्फ नव्हतं, म्हणून दोघांनी पुलावरच्या शेवाळाचं नाव सांगितलं. ओन्नोने हाब्बोला रीतसर कळवलं की अटी मोडल्यामुळे ओहोटी वाटायचा त्याचा हक्क संपला आहे. पंपघरांत पोचलेले गठ्ठे चालू राहिले, पण त्यांत दुरुस्ती करून पुन्हा वाटायची वेळ येणारच होती आणि तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू होणार होतं.

ती वेळ यायच्या आधीच, फेब्रुवारीत, वियार्डने साखळीची नवी आवृत्ती काढली. जबडा तारांनी बांधलेला होता, नळीने सूप चाललं होतं. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. परवान्यात मात्र 'ऑस्टरहामच्या ओन्नो व्युबेनाला' खोडून तिथं 'वायरमन हाब्बो इनेनला' असं घातलं होतं. राग दोघांवर धरण्याइतका त्याचा पिंड नव्हता. जुना सोडून त्याने नवा धरला.

ही बातमी तालेआ ओन्नोकडे घेऊन गेली. बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली होती.

"मास्तर, तुमचं नाव गेलं."

"पाहिलं मी."

"आता सूट देता?"

ओन्नोने काठीची मूठ चोळली. "देतो," तो म्हणाला.

"उद्या दुसऱ्या कुणाचं नाव येईल, असं म्हणाला होतात. आलंय की."

"मी परक्यांबद्दल बोलत होतो. हाब्बो काय परका आहे? आपलाच आहे. त्याला चालेल."

"त्याला विचारलंत?"

"तू विचार. तुझं ऐकतो तो."

तिने विचारलं. हाब्बो आधी हसला, खांदा दुखला तेव्हा थांबला. म्हणाला, चालेल. त्याच आठवड्यात ओहोटीच्या परवान्यात ती एक ओळ आली, आणि जोडलेला गठ्ठा जगातल्या कुणालाही, कुणाकडूनही, उजळ माथ्याने घेता-देता येऊ लागला. हाब्बो सोडून.

तेव्हापासून गठ्ठे तालेआ वाटते. जोडणी आणि तपासणीही तीच शिकली, एका हाताने. वायरिंग अजून हाब्बोकडेच आहे. नवी आवृत्ती चढवायची असली की तो तारा तपासून देतो आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहतो. मार्चमध्ये ज्यूडरहामला असाच उभा होता. आत तालेआने कळ दाबली. दार वर गेलं, अर्ध्यात आलं, थांबलं. थांबूनच राहिलं. हाब्बो खिडकीशी आला आणि काचेतून डोकावू लागला.

"काय गं, बघायची तरी बंदी नाही ना?"

तालेआने मान वर केली नाही. "वापर, नक्कल, बदल, वाटप. बघणं त्यात नाही," ती म्हणाली. "पण वियार्डसमोर बोलू नकोस. तेही घालेल."